तारेची रेषा आणि तिची सावली : मोहन सामंत यांच्या वारशाचा विचार

बंगळूरच्या मल्लेश्वरम या भागाला ज्या देवळावरून नाव मिळाले, त्या काडु मल्लेश्वराच्या परिसरात इ. स. १६६९ मधील एक शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी मल्लपुराच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याची नोंद त्यात आहे. पुढे सहासात वर्षांच्या आत एकोजी तंजावरास गेले आणि तेथे त्यांनी राज्य स्थापिले. मल्लपूर मागे राहिले. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या शहराबाहेर मोकळ्या वस्त्या वसविण्याचे ठरले, तेव्हा त्या खेड्याच्या भूमीवर आजचे मल्लेश्वरम उभे राहिले. दान देणारा मराठी सरदार तेथे राहिला नाही, त्याचे वंशजही तेथे नाहीत. परंतु दगडावर कोरलेली अक्षरे अजून त्याच्या नावाने बोलतात.

वारसा या शब्दाचा विचार करताना हा शिलालेख उपयोगी पडतो. वारसा हा वंशावरून ठरतो की स्थळावरून, भाषेवरून की दिलेल्या देणगीवरून, हा प्रश्न जो कलावंत एका भूमीत जन्मला आणि दुसऱ्या भूमीत कार्य करीत राहिला त्याच्याविषयी विशेष तीव्रतेने उभा राहतो. मुंबईच्या गोरेगावात १९२४ साली जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये २००४ च्या जानेवारीत निवर्तलेले चित्रकार मनमोहन बाळकृष्ण सामंत, म्हणजेच मोहन सामंत, हे अशा कलावंतांपैकी होत. आयुष्याच्या अखेरच्या छत्तीस वर्षांचा त्यांचा निवास अमेरिकेत होता. त्यांच्या सर्वांत धीट प्रयोगांची भूमीही तीच. त्यांना अमेरिकी आधुनिक कलावंत म्हणावे तर अमेरिकेच्या कलेतिहासात त्यांचे पान सहज सापडत नाही. मराठी वा भारतीय म्हणावे तर येथील इतिहासकारांनीही त्यांचा उल्लेख बहुधा इतरांच्या नामावळीतच केलेला आढळतो. दोन्ही घरी पाहुणा ठरलेल्या या कलावंताने प्रत्यक्षात काय निर्माण केले, हे पाहिल्यावाचून त्याच्या वारशाचा निवाडा होणे शक्य नाही.

त्यासाठी प्रथम बंगळूरच्याच एका चित्रकाराचे स्मरण करणे सोयीचे होईल. के. व्यंकटप्पा (१८८६–१९६५) हे म्हैसूरच्या दरबारी चित्रकारांच्या घराण्यातले. नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्या आश्रयाने ते कलकत्त्यास गेले, अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य झाले, आणि भगिनी निवेदिता व आनंद कुमारस्वामी यांच्या हिंदू व बौद्ध पुराणकथांच्या प्रसिद्ध ग्रंथासाठी चित्रे काढणाऱ्या मंडळींत नंदलाल बसूंच्या बरोबरीने सामील झाले. म्हैसुरास परतल्यावर त्यांनी वीणा शेषण्णांपाशी वीणेचे शिक्षण घेतले, आणि ते अशा निष्ठेने की चित्रकार व्यंकटप्पा आणि वैणिक व्यंकटप्पा यांपैकी मुख्य कोण, असा प्रश्न जाणकारांना पडावा. आश्रयदात्या महाराजांच्या निधनानंतर ते बंगळूरला राहिले. ब्रह्मचारी, काटेकोर, मानी. मोबदल्याच्या प्रश्नावर म्हैसूर राज्याविरुद्ध न्यायालयापर्यंत जाण्यास न कचरणारे. त्यांच्या नावाचे कलादालन १९७५ मध्ये त्याच शहरात उघडले.

व्यंकटप्पांची उटकमंड आणि कोडाईकनाल येथील निसर्गचित्रे पाहिली की त्यांच्या वीणेचा अर्थ उमगतो. वीणेच्या दांडीवर मेणात बसविलेले चोवीस पडदे असतात. स्वराचे स्थान आधी निश्चित झालेले असते. वादकाचे कौशल्य त्या निश्चितीच्या आत, तार खेचून आणि बोटाच्या दाबाने गमक काढण्यात असते. व्यंकटप्पांच्या चित्रातही धुके, टेकडी, पाणी आणि आकाश यांची स्थाने अशीच नेमकी ठरलेली असतात आणि नाजूक रंगच्छटांचे आंदोलन त्या मर्यादेच्या आतच चालते. ज्याला मर्यादा हेच सौंदर्य वाटते, अशा कलावंताची ती चित्रे आहेत.

मोहन सामंतही वादक होते. परंतु त्यांचे वाद्य सारंगी होते. हा भेद केवळ योगायोगाचा समजून सोडून देण्यासारखा नाही. सारंगीला पडदे नाहीत. तिच्या तीन मुख्य तारा आतड्याच्या. त्या बोटांच्या अग्राने दाबावयाच्या नसून नखाच्या मुळाशी बाजूने टेकवून स्वर काढावयाचा. स्वराचे स्थान दर वेळी नव्याने शोधावे लागते आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणारी वाट हीच त्या वाद्याची खरी संपत्ती ठरते. मुख्य तारांच्या खाली तीस-पस्तीस तरफांच्या तारा असतात. त्यांना गज स्पर्शही करीत नाही. त्या केवळ अनुनादाने झंकारतात. सारंगीचा जो भरलेला, किंचित कातर करणारा ध्वनी कानी येतो, त्यातला मोठा भाग या न छेडलेल्या तारांचा असतो. शिवाय विसाव्या शतकात हे वाद्य मागे पडत चालले होते. कोठीवरच्या गायनाशी त्याचा संबंध असल्याने प्रतिष्ठित घरांनी त्याला दूर ठेवले, आणि साथीतील त्याची जागा हार्मोनियमने व्यापिली. गोरेगावच्या मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबातील तरुणाने हेच वाद्य हाती घ्यावे आणि न्यूयॉर्कमध्येही त्याचा रियाज सोडू नये, यात त्याच्या स्वभावाची खूण दिसते. समाजाने टाकलेले, उपेक्षित झालेले जे असेल त्यात जिवंतपणा शोधण्याची ही वृत्ती पुढे त्याच्या चित्रांतही प्रकट झाली.

सामंतांचे शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत झाले. तेथे त्यांना शंकर पळशीकरांसारखे गुरू लाभले. त्या काळच्या मुंबईत दोन प्रवाह एकमेकांशी झगडत होते. एकीकडे अवनींद्रनाथांच्या प्रेरणेने आणि कलाशाळेतील भारतीय शैलीच्या वर्गांमुळे लघुचित्रांचा अभ्यास रुजला होता. दुसरीकडे १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापून, त्या पुनरुज्जीवनवादाला मृदू आणि भावविवश ठरवून, युरोपीय आधुनिकतेशी थेट नाते जोडण्याची घोषणा केली होती. सामंत या गटात शिरले ते १९५२ च्या सुमारास. तोपर्यंत सूझा आणि बाकरे लंडनला व रझा पॅरिसला गेले होते, आणि घोषणांचा पहिला भर ओसरला होता. वासुदेव गायतोंडे यांच्यासारखे समवयस्क त्यांच्या आगेमागे त्याच वर्तुळात वावरत होते. पुढे आरा, हेब्बर, चावडा, सडवेलकर, दि. ग. कुलकर्णी प्रभृतींच्या बाँबे ग्रुपमध्येही सामंत सहभागी झाले.

उशिरा आल्याचा सामंतांना एक लाभ झाला. जुन्या आणि नव्या या दोहोंतून एकाची निवड करण्याची सक्ती त्यांच्यावर राहिली नाही. त्यांच्या आरंभीच्या काळातील चित्रांवर बसोली शैलीतील तप्त, सपाट रंगांचा आणि पश्चिम भारतातील जैन पोथ्यांतील टोकदार, चपळ रेषेचा ठसा आहे. बसोली आदी पहाडी शैलींकडे रसिकांचे लक्ष वेधण्याचे मोठे कार्य ज्यांनी १९१६ च्या राजपूत चित्रकलेवरील ग्रंथाने केले, ते आनंद कुमारस्वामी १९१७ पासून बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात होते. म्हणजे व्यंकटप्पांच्या कुंचल्याला ज्या विद्वानाने ग्रंथात स्थान दिले, त्याच्याच संशोधनाच्या छायेत सामंतांची पिढी लघुचित्रे पाहण्यास शिकली, आणि त्या संशोधनाचे एक केंद्र अमेरिकेत होते. भारतीय परंपरा भारतात आणि आधुनिकता अमेरिकेत, असा जो सोपा विभाग आपण करतो, तो इतिहासाला मान्य नाही.

तथापि लघुचित्राचा उपयोग व्यंकटप्पांनी केला त्या रीतीने सामंतांनी केला नाही. अवनींद्रनाथांच्या संप्रदायाला लघुचित्रात भाव दिसला. प्रोग्रेसिव्हांपैकी अनेकांना रंगांचा आवेश दिसला. सामंतांना दिसली ती त्याची मांडणी. जैन पोथीच्या एकाच पानावर तीर्थंकर, हत्ती, झाड, अक्षरे आणि रिकामी जागा ही सारी एकाच मोलाची असतात. जवळचे मोठे आणि दूरचे लहान हा नियम तेथे लागू नसतो. तेथे चित्र हे खिडकीप्रमाणे पलीकडचे दृश्य दाखवीत नाही, तर पोथीप्रमाणे वाचावयाचे असते. ही वाचनाची कल्पना एकदा हाती आल्यावर सामंतांना तिचे बांधव जगभर सापडले : ईजिप्तची चित्रलिपी, लास्कोच्या गुहेतील प्राणी, आफ्रिकेतील मुखवटे, कोलंबसपूर्व अमेरिकेतील आकृती, बाजारातील खेळणी. यांपैकी कोणतीही वस्तू त्यांनी उसन्या अलंकाराप्रमाणे वापरली असे दिसत नाही. निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेला एकच मजकूर वाचू पाहणाऱ्या माणसाची उत्सुकता त्यांच्या चित्रांत आहे.

१९५७–५८ मध्ये इटालियन सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते रोमला गेले, आणि १९५९ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला. रोममध्ये भिंतीचा पोत त्यांनी पाहिला असणार, असे पुढील चित्रांवरून अनुमान करता येते. कारण त्यानंतर त्यांच्या चित्राचा पृष्ठभाग बदलला. रंगात वाळू मिसळू लागली, थर जाड झाले, आणि पोथीच्या पानाऐवजी काळाने खरवडलेल्या भिंतीची आठवण व्हावी असा खडबडीतपणा त्यात आला. ‘ग्रीन स्क्वेअर’ हे १९६३ चे चित्र या टप्प्याचे प्रतिनिधी होय. कृत्रिम रेझिनचे रंग, वाळू आणि तैलरंग यांनी सिद्ध झालेले हे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्याच वर्षी कॅनडातील फ्रेडरिक्टन येथे आणि नंतर लंडनच्या टेट गॅलरीत भरलेल्या डन आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात निवडक शंभर समकालीन चित्रकारांत सामंतांचा समावेश झाला. चाळिशीच्या उंबरठ्यावरील मराठी चित्रकाराला याहून मोठी मान्यता त्या काळी मिळणे कठीण होते.

मग पुढे काय झाले, की त्यांचे नाव मागे पडत गेले? याचे उत्तर त्यांच्या गुणदोषांइतकेच काळाच्या रचनेतही आहे. अमूर्त अभिव्यक्तिवादाचा बहर ओसरून न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दोन नव्या दिशा बळावत होत्या. क्लेमंट ग्रीनबर्गसारख्या समीक्षकांनी चित्राचे सत्त्व त्याच्या सपाटपणात आहे, असे प्रतिपादन केले आणि चित्रातून कथा, भ्रम, वस्तू हे सारे क्रमाने वगळत जाण्याला इतिहासाची दिशा मानले. उलट रौशेनबर्ग आणि वॉरहॉल यांच्या पिढीने बाजारातील वस्तू आणि जाहिराती चित्रात आणल्या. १९६४ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात रौशेनबर्ग यांना मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा ही दुसरी दिशाही प्रतिष्ठित झाली. सामंत दोहोंत बसत नव्हते. त्यांच्या चित्रात माणसे होती, पुराणकथा होत्या, स्वप्ने आणि पाशवी भय होते. म्हणून ते पहिल्या पंथाला अशुद्ध वाटले असते. त्यांच्या वस्तू ग्राहकाच्या जगातील नसून स्मृतीच्या जगातील होत्या. म्हणून दुसऱ्या पंथालाही त्यांत स्वतःचे प्रतिबिंब दिसले नसते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर ते मुंबईस परतले, आणि १९६८ मध्ये पुन्हा, या वेळी कायमचे, न्यूयॉर्कला गेले.

या दुसऱ्या जाण्याकडे आपल्याकडे बहुधा स्थलांतर म्हणून पाहिले गेले. आणि स्थलांतर करणाऱ्याविषयी आपली समीक्षा दोनच भूमिका घेत आली आहे. तो परदेशात गाजला तर तो आमचा. न गाजला तर तो गेला. सूझा १९६७ मध्ये न्यूयॉर्कला गेले, परंतु लंडनमधील त्यांची कीर्ती आणि त्यांचे धारदार लेखन यांमुळे त्यांचे नाव टिकले. गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला जाऊन परत आले आणि दिल्लीत एकांतात राहिले. त्यांच्या मौनाभोवतीच एक आख्यायिका तयार झाली. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कृतींचे मोठे प्रदर्शन भरले. सामंतांच्या बाबतीत ना लेखन होते, ना आख्यायिका. दररोज चित्रशाळेत काम करणारा आणि सारंगीचा रियाज करणारा माणूस वृत्तपत्राला विषय पुरवीत नाही.

आणि तरीही १९७० नंतरच्या दशकांत सामंतांनी जे केले, तेच त्यांच्या वारशाचे केंद्र होय. चित्राच्या पृष्ठभागातून त्यांनी कागदाच्या कापलेल्या आकृती बाहेर काढल्या. कॅनव्हासमध्ये कोनाडे आणि खोलगट पेट्या केल्या व त्यांत लहान आकृती बसविल्या. आणि अखेर रंगाच्या रेषेऐवजी धातूची तार वाकवून तिच्या आकृती कॅनव्हासच्या पुढे, त्यापासून किंचित अंतरावर, उभ्या केल्या. तारेने रेखाटन करण्याची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. अलेक्झांडर काल्डर यांनी १९२० नंतरच्या दशकातच तारेची सर्कस आणि तारेची मुखचित्रे घडविली होती. हेच काल्डर १९५५ मध्ये अहमदाबादला साराभाई कुटुंबाचे पाहुणे म्हणून येऊन काम करून गेले. परंतु काल्डरची तार मोकळ्या हवेत असते; तिच्या मागे काय आहे, याच्याशी तिचा आवश्यक संबंध नसतो. सामंतांची तार चित्राला सोडीत नाही. तिच्या मागे वाळूचा, रंगाचा, कागदी आकृतींचा एक भरगच्च प्रदेश असतो आणि त्या प्रदेशावर तारेची सावली पडते. प्रकाश सरकला की सावली सरकते. एकच आकृती दोनदा रेखाटली जाते : एकदा चित्रकाराच्या हाताने, एकदा उजेडाने.

येथे सारंगीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मुख्य तार छेडावी आणि तरफांनी न छेडता झंकारावे, तसे येथे तार वाकविली जाते आणि सावली न रेखाटता उमटते. चित्रकाराने ही तुलना मनात धरूनच काम केले, असे म्हणण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. कलावंताचा हात ज्या सवयी एका माध्यमात शिकतो, त्या दुसऱ्या माध्यमात त्याच्या नकळत उतरतात, एवढेच म्हणणे पुरेसे आहे. व्यंकटप्पांच्या हातात पडद्यांची निश्चिती होती आणि त्यांचे चित्र निश्चित झाले. सामंतांच्या हातात अनुनादाचे वाद्य होते आणि त्यांचे चित्र अनुनादाचे झाले. म्हणूनच ग्रीनबर्गच्या सपाटपणाच्या सिद्धांताला सामंतांनी दिलेले उत्तर वादाचे नसून वादनाचे वाटते. चित्र सपाट असावे की खोल, हा प्रश्न त्यांनी सोडविला नाही. सपाटीवर सावली टाकून त्यांनी तो झंकारत ठेवला.

‘मिडनाइट फिशिंग पार्टी’, ‘मास्क्ड डान्स फॉर द ॲन्सेस्टर्स’ ही त्यांच्या काही कृतींची नावे देखील या दृष्टीने सूचक आहेत. मध्यरात्रीची मासेमारी, पूर्वजांसाठी मुखवटे घालून केलेले नृत्य : ही नावे कोण्या एका देशाच्या कथेकडे बोट दाखवीत नाहीत, परंतु प्रत्येक देशाच्या वाचकाला आपल्या आजीने सांगितलेली एखादी गोष्ट आठवावी, अशी त्यांची रचना आहे. कोकणच्या बोहाड्याचे वा दशावताराचे मुखवटे ज्याला ठाऊक आहेत, त्याला पूर्वजांसाठी मुखवटा घालणे म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या वाचकालाही ते लागणार नाही.

या कलेवर जे आक्षेप घेतले जातात, ते मात्र टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. पहिला आक्षेप संग्राहकतेचा. जगभरातील इतक्या आकृती एकत्र आणल्यावर त्यांतील प्रत्येकीचे मूळ महत्त्व कमी होत नाही काय? लास्कोचा बैल आणि जैन पोथीतील यक्ष शेजारी मांडले, म्हणजे दोघेही केवळ आकार ठरतात, असे म्हणता येईल. सामंतांच्या काही कृतींच्या बाबतीत हा आक्षेप खरा आहे. जेथे कोनाडे, खेळणी, कागद, तार आणि रंग हे सारेच एका वेळी बोलू लागतात, तेथे कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही, आणि मैफलीऐवजी वाद्ये जुळविण्याचा गलका तेवढा ऐकू येतो. परंतु कलावंताचे मोल त्याच्या फसलेल्या प्रयोगांवरून ठरवावयाचे नसते. जेथे एक तार, एक सावली आणि एक भरलेला रंगपट एवढ्यावरच तो थांबला आहे, तेथे निरनिराळ्या संस्कृतींचे अवशेष एका नव्या वाक्यात बसतात आणि त्या वाक्याला स्वतःचे व्याकरण असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो असा की, सामंतांनी आपल्या काळाच्या आणि समाजाच्या दुःखाकडे पाठ फिरवून मिथकांच्या प्रदेशात आश्रय घेतला. भाषांतराच्या कामाशी ज्याचा परिचय आहे, त्याला या आक्षेपातील गृहीतक खटकेल. मूळ भाषेपासून दूर राहून काम करणारा माणूस मूळ भाषा विसरलेला असतोच, असे नाही. कित्येकदा तीत राहणाऱ्यांच्या नजरेस न येणारी तिची रचना त्याला दुरून दिसते. आपल्या परंपरेतील कोणती वस्तू दुसऱ्या भूमीत नेली असता जगेल आणि कोणती मरेल, याची कसोटी सामंतांनी स्वतःवर घेतली. कथा नेली तर ती परकी ठरते. भाव नेला तर तो हळवा ठरतो. मांडणी नेली तर ती जगते. ही त्यांच्या तीस-पस्तीस वर्षांच्या प्रयोगाची निष्पत्ती आहे, आणि तिचे मोल चित्रकलेपुरते मर्यादित नाही. मराठीतील आधुनिक साहित्याने परकीय आकृतिबंध स्वीकारताना ज्या अडचणी अनुभविल्या, त्यांच्याकडे पाहण्याची एक उलटी दिशा सामंतांच्या कामातून मिळते. परकीय साचा आणून त्यात देशी मजकूर भरण्याची आपली नित्याची रीत. त्यांनी देशी साचा नेला आणि त्यात जगाचा मजकूर भरला.

अमेरिकी कलेतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर सामंतांचे स्थान आता हळूहळू बदलत आहे. आशियातून आलेल्या कलावंतांना वगळून लिहिलेली युद्धोत्तर अमेरिकी कलेची कथा अपुरी होती, याची जाणीव गेल्या दोन-तीन दशकांत तेथे वाढली. २०१३ मध्ये सामंतांच्या चित्रांवर एक सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध झाला. रणजित होस्कोटे, मार्सेला सिरहंदी आणि जेफ्री वेक्सलर या अभ्यासकांनी त्यात त्यांच्या कलेची निरनिराळ्या अंगांनी चिकित्सा केली आहे. हे सारे मराठी कलावंताविषयी आणि इंग्रजीत. गोरेगावच्या या चित्रकाराविषयी मराठीत मात्र त्या तोलाचा ग्रंथ अद्याप झालेला नाही. परक्यांनी उपेक्षा केली, ही तक्रार करण्याचा अधिकार ज्यांनी स्वतः लेखन केले त्यांनाच असतो.

वारसा साजरा करणे याचा अर्थ म्हणूनच नीट लावला पाहिजे. जन्मशताब्दी आली की हार घालावा, एखाद्या लिलावात मोठा आकडा आला की अभिमान वाटून घ्यावा, हा वारसा साजरा करणे नव्हे. तो किमतीचा सोहळा होय. कलावंताने जे प्रश्न उघडे ठेवले, त्यांना आपल्या माध्यमात पुढे नेणे हाच त्याच्या वारशाचा स्वीकार. सामंतांनी ठेवलेला प्रश्न स्पष्ट आहे : परंपरेच्या मुख्य तारेला हात न लावताही तिच्या तरफा झंकारत ठेवता येतात काय? त्याचे उत्तर केवळ चित्रकारांनीच द्यावयाचे आहे असे नाही. कवी, कथाकार, भाषांतरकार या सर्वांपुढे तो आहे.

मल्लेश्वरमच्या त्या देवळासमोर, रस्त्याच्या पलीकडे, नंदितीर्थ नावाचे एक जुने देवस्थान आहे. कित्येक वर्षे ते मातीखाली गाडले गेले होते, आणि वर मोकळे मैदान होते. १९९७ मध्ये तेथे उकरताना पायऱ्या, कुंड आणि नंदी उघडे पडले. नंदीच्या मुखातून निघणारी पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर पडत असते. समोर १६६९ चा शिलालेख उघड्यावर उभा राहून वाचला जात होता. शेजारचे तीर्थ मातीखाली वाट पाहत होते. वारशाच्या या दोन्ही तऱ्हा आहेत. काही नावे दगडावर कोरलेली असतात आणि येणाराजाणारा ती वाचतो. काही कामे मातीखाली राहतात, आणि त्यांना उकरून काढण्याचे श्रम त्यांच्या भाषेतील माणसांनी केले तरच ती उजेडात येतात. मोहन सामंतांचे काम दुसऱ्या जातीचे आहे. त्यांच्या तारेवर उजेड पाडण्याचे काम मराठी समीक्षेकडे बाकी आहे. सावली त्यानंतर आपोआप पडेल.